नवी मुंबईत बर्फ पडत नाही, मग इथल्या विमानांना बर्फाची भीती कशाची?

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. उलवे, खारघर, पनवेलच्या गच्च्यांवरून विमानं बघणाऱ्यांना एक कोडं हमखास पडतं. या प्रत्येक जेटमध्ये पंख आणि इंजिनं गरम ठेवायची यंत्रणा असते म्हणे. जिथे जानेवारीतही स्वेटर फारसा कपाटाबाहेर येत नाही, तिथून बंगळूरला जाणाऱ्या विमानाला तिचा उपयोग काय?

"वर थंडी असते ना" हे उत्तर लगेच तोंडावर येतं, पण त्यानं दिशाभूलच होते. छत्तीस हजार फुटांवर, उणे ४५ अंशांच्या निरभ्र हवेतून विमान तासन्‌तास जातं तेव्हा पंख-इंजिनांची ही यंत्रणा बंद असते. जुलैत पनवेलवरच्या ढगांतून चढताना मात्र ती सुरू करावी लागते. म्हणजे नुसत्या थंडीनं विमानाचं फारसं बिघडत नाही. थंडीत द्रव राहिलेलं पाणी भेटलं की बिघडतं. आणि पाण्याचे ढग आपल्याकडे कमी नाहीत.

## शून्याखालचं, तरी न गोठलेलं पाणी

पावसाळ्यात जमिनीवर २७-२८ अंश असतात. वर जाताना दर हजार फुटांना साधारण दोन अंश कमी होतात, दमट ढगाळ हवेत थोडे कमीच. कोकणपट्टीवर १६ ते १८ हजार फुटांच्या दरम्यान कुठेतरी शून्य अंश येतो. उड्डाणानंतर आठ-दहा मिनिटांत विमान तिथे पोचलेलं असतं.

त्याच्या वरच्या ढगात बर्फच असेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शून्य ते उणे २० अंशांच्या पट्ट्यात ढगातले बरेचसे थेंब द्रवच असतात. पाणी गोठायला सुरुवात व्हायची तर निमित्त लागतं: योग्य असा धुळीचा कण, एखादा पृष्ठभाग, एखादा धक्का. ते मिळालं नाही तर अगदी बारीक, शुद्ध थेंब उणे ४० च्या आसपासपर्यंत द्रव राहू शकतो. फ्रीझरमध्ये न हलवता ठेवलेली पाण्याची बाटली बाहेर काढून ओट्यावर आपटली की आतलं पाणी डोळ्यांदेखत गोठत जातं, तोच हा प्रकार. इथे ओट्याच्या जागी ताशी ७०० किलोमीटरनं येणारा पंख असतो. अशा पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात.

आदळलेला थेंब एका क्षणात सगळा गोठत नाही, आणि खरी गुंतागुंत इथूनच सुरू होते. पाणी गोठताना उष्णता सोडतं. एक ग्रॅम पाणी गोठताना जेवढी उष्णता सुटते तेवढ्यात ८० ग्रॅम पाणी एका अंशानं तापेल. त्यामुळे उणे २० अंशांच्या थेंबाचा साधारण पाव हिस्सा आदळताच गोठतो, तर उणे ४ अंशांच्या थेंबाचा जेमतेम विसावा. उरलेलं पाणी पंखावरून मागे वाहतं आणि वाटेत गोठतं.

थंड हवेतले बारीक थेंब जागीच गोठतात, मध्ये हवा अडकते आणि पांढरा, खरबरीत, ठिसूळ बर्फ बनतो. शून्याच्या जरा खालचे मोठे थेंब पसरत जातात आणि काचेसारखा पारदर्शक, जड, घट्ट चिकटलेला थर तयार होतो. वैमानिक जास्त घाबरतात ते या दुसऱ्याला. तो पटकन दिसत नाही, आणि जिथे पंख गरम करायची सोय नाही तिथपर्यंत मागे सरकतो.

## एवढ्याशा थरानं काय होतं?

बर्फाचं वजन हा इथे गौण मुद्दा आहे. ७०-७५ टनांच्या विमानाला शे-दोनशे किलोंचं ओझं जाणवतही नाही. बिघडतो तो पंखाचा आकार. पंखाच्या पुढच्या कडेवर आणि वरच्या पृष्ठभागावर जाड्या सँडपेपरइतका खरबरीत थर बसला तरी पंखाची उचल ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा अडथळा ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

त्याहून वाईट म्हणजे स्टॉल लवकर येतो. स्टॉल म्हणजे पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडून उखडते आणि उचल एकदम कोसळते. स्वच्छ पंखावर हे किती कोनाला होईल ते ठरलेलं असतं आणि इशारा देणारी यंत्रणा त्याच आकड्यावर बेतलेली असते. बर्फ असलेला पंख तो इशारा वाजण्याआधीच हात टेकू शकतो.

इंजिनाची तऱ्हा वेगळी. हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या कडेवर बर्फ साठला तर आधी हवेचा प्रवाह बिघडतो. मग तो तुकडा सुटून फॅनच्या पात्यांवर आदळतो: पाती वाकतात, थरथर वाढते, कधी इंजिन विझतं.

## इंजिनाचीच हवा चोरायची

जेट इंजिन हवा आत घेऊन दाबतं, आणि दाबलेली हवा तापते. इंधन जळायच्या आधीच ती शेकडो अंशांवर गेलेली असते. तिचा थोडा हिस्सा नळीनं बाहेर काढतात, त्याला ब्लीड एअर म्हणतात. बहुतेक जेटची बर्फविरोधी यंत्रणा याच हवेवर चालते.

एअरबस ए३२० वरच्या सीएफएम५६ इंजिनात तोंडाची कड गरम करायची हवा हाय-प्रेशर कॉम्प्रेसरच्या (हवा जास्त दाबणाऱ्या भागाच्या) पाचव्या टप्प्यातून येते. एक व्हॉल्व्ह उघडला की ती कडेच्या आतल्या पोकळीत शिरते, धातू आतून तापवते आणि बाहेर निघून जाते. पंखाची हवा आधी एका कूलरमधून जाऊन साधारण २०० अंशांवर आणली जाते. मग ती छिद्रं असलेल्या नळीतून पुढच्या कडेच्या आतल्या बाजूवर फवारली जाते. ए३२० च्या प्रत्येक पंखाच्या कडेला पुढे सरकणाऱ्या पाच पट्ट्या, म्हणजे स्लॅट, असतात. गरम होतात फक्त बाहेरच्या तीन, क्रमांक ३, ४ आणि ५.

फॅनच्या मधोमध जो शंकू फिरताना दिसतो, ज्याच्यावर पांढरी गुंडाळी रंगवलेली असते, तो स्पिनर. सीएफएम५६ मध्ये तो गरम करत नाहीत. शंकूचा आकार आणि फिरण्याचा वेग मिळून बर्फ भिरकावून देतात. काही रोल्स-रॉइस इंजिनांत शंकूच्या टोकाला रबर असतं, ते थरथरून बर्फ सुटतो. जमिनीवर इंजिन मंद फिरत असताना हे पुरेसं होत नाही. म्हणून बर्फाळ हवेत जमिनीवर अर्ध्या तासाहून जास्त थांबावं लागलं, तर वैमानिक इंजिन साधारण ७० टक्के फॅनवेगापर्यंत नेऊन ३० सेकंद धरतात. साचलेलं झडून जातं, आणि ते लहान तुकड्यांतच झडतं.

बोईंग ७८७ नं वेगळी वाट धरली. तिच्या पंखांत विजेवर तापणारे थर बसवलेले आहेत. इंजिनाच्या तोंडाला मात्र तिथेही इंजिनाचीच गरम हवा लागते.

## बटण कधी दाबायचं?

एअरबस असो की बोईंग, नियम जवळजवळ एकच: तापमान १० अंश किंवा कमी आणि डोळ्यांना दिसणारा ओलावा (ढग, दाट धुकं, पाऊस, हिमवर्षाव), की इंजिनाचा अँटी-आइस (ही बर्फविरोधी गरम हवा) सुरू.

शून्य सोडून दहा का, हा रास्त प्रश्न आहे. विमान उभं किंवा हळू असताना इंजिन हवा ओढून घेतं. तोंडाशी ती वेग घेते, तिचा दाब पडतो आणि ती आणखी थंड होते. बाहेर चार-पाच अंश असले तरी आत बर्फ धरू शकतो.

हवेत असताना मोजायचं तापमानही वेगळं. वेगात जाणाऱ्या विमानावर हवा आदळून दाबली जाते आणि तापते. बाहेर उणे ४५ असताना ध्वनीच्या ०.७८ पट वेगानं चाललेल्या विमानाला ती उणे १७ च्या आसपास लागते. दहा अंशांचा नियम या तापलेल्या आकड्याला लावतात. गणित मांडलं तर पावसाळ्यात इथून नेहमीच्या वेगानं चढणाऱ्या विमानाला वीस हजार फुटांच्याही वर गेल्यावर ही अट लागू होते. वाहतूक तुंबली म्हणून ढगातच वेग कमी करून घिरट्या घालायला लावलं, तर हा आकडा बराच खाली येतो. वेग उतरला की तापलेपणाही उतरतो.

वरच्या टोकालाही मर्यादा आहे. बाहेरचं खरं तापमान उणे ४० च्या खाली गेलं की चढताना आणि सरळ उडताना बटण बंद करतात, कारण तिथे द्रव पाणी उरतच नाही. उतरताना ही सूट नाही. इंजिनं तेव्हा मंद असतात आणि विमान उबदार, ओल्या ढगांकडे चाललेलं असतं. अँटी-आइस सुरू झाला की मंद इंजिनाचा वेग आपोआप थोडा चढतो, म्हणजे गरम हवेला पुरेसा दाब मिळतो. पावसाळ्यात उतरताना इंजिनाचा आवाज मध्येच वाढलेला ऐकू आला तर हेही एक कारण असू शकतं.

पंखाचं बटण वेगळं असतं आणि कमी वेळा लागतं. ए३२० च्या समोरच्या दोन काचांच्या मध्ये एक छोटी उभी दांडी असते, दिवा लावलेली. सगळ्यात आधी बर्फ तिच्यावर धरतो आणि वैमानिकाला तो थेट दिसतो. काही विमानांवर सेकंदाला सुमारे ४० हजार वेळा थरथरणारी संवेदक कांडी असते. साधारण अर्धा मिलिमीटर बर्फ बसला की वजनानं ती थरथर मंदावते आणि इशारा जातो. मला विचाराल तर दांडीचा साधेपणा जास्त भरवशाचा वाटतो.

## मग सगळं विमानच गरम का ठेवत नाहीत?

परवडत नाही. चोरलेली हवा म्हणजे गेलेला जोर आणि जास्तीचं इंधन. बर्फ प्रामुख्यानं पुढच्या, अरुंद कडांवर बसतो. जाड, बोथट भागापुढे हवा आधीच वळते आणि हलके थेंब तिच्याबरोबर निसटतात. ए३२० आणि ७३७ च्या शेपटीला गरम करायची सोयच नाही. तिच्यावर थोडा बर्फ बसला तरी विमान सुरक्षित राहतं हे आधी दाखवून द्यावं लागतं.

उष्णता अर्धवट दिली तर उलटंच होतं. पुढची कड बर्फ वितळवण्याइतकी तापली, पण पाण्याची वाफ करून टाकण्याइतकी नाही, तर ते पाणी मागे वाहतं आणि गरम नसलेल्या भागावर जाऊन गोठतं.

एटीआर ७२ सारख्या पंखेवाल्या विमानांकडे एवढी गरम हवा शिल्लक नसते. त्यांच्या पंखांच्या कडेला रबरी पिशव्या असतात. त्या ठरावीक वेळानं फुगतात आणि बर्फ तडकवून टाकतात. बर्फ धरू न देणं म्हणजे अँटी-आइस, धरलेला काढणं म्हणजे डी-आइस. दुसऱ्या पद्धतीची मर्यादा ३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत इंडियाना राज्यात दिसली. नेहमीपेक्षा मोठ्या अतिशीत थेंबांत घिरट्या घालणाऱ्या एटीआर ७२ वर बर्फ रबरी पट्ट्याच्याही मागे जमला, विमान एका बाजूला उलटलं आणि ६८ जण गेले. तोवर प्रमाणपत्रासाठीच्या चाचण्या ५० मायक्रॉनपर्यंतच्या थेंबांवर बेतलेल्या होत्या, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागापर्यंत. मोठ्या थेंबांचा नियम अमेरिकेत २०१४ मध्ये आला. वीस वर्षं हा फार मोठा काळ होता, असं म्हटल्यावाचून राहवत नाही.

## हवा मोजणाऱ्या नळ्या

विमानाच्या नाकाजवळ पुढे तोंड केलेल्या बारीक नळ्या असतात, त्यांना पिटो म्हणतात. वेग त्यांच्यावरून कळतो. त्या विजेवर तापवलेल्या असतात आणि ए३२० वर ते आपोआप होतं: जमिनीवर कमी, हवेत पूर्ण. उणे ४५ च्या कोरड्या हवेतही हे तापवणं चालूच राहतं, कारण इथे चूक अजिबात परवडत नाही.

१३ जानेवारी १९८२ ला वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत असताना एअर फ्लोरिडाचं ७३७ उडालं. इंजिनांचा अँटी-आइस बंद होता आणि पंखांवरही बर्फ होता. इंजिनाच्या तोंडाशी दाब मोजणाऱ्या नळ्या तुंबल्या, त्यामुळे जोर दाखवणारा काटा (तो इंजिनाच्या मागच्या आणि पुढच्या दाबाचं गुणोत्तर दाखवतो) २.०४ सांगत होता आणि खरा जोर होता १.७० च्या आसपास. विमान पुलाला धडकून पोटोमॅक नदीत पडलं. पुलावरच्या चौघांसह ७८ जण मेले. इंजिनं धडधाकट होती, त्यांच्यात आणखी जोर शिल्लक होता.

## आपल्याकडचा वेगळा शत्रू: बर्फाचे कण

इथवर सगळं द्रव पाण्याचं झालं. उष्ण प्रदेशातल्या गडगडाटी ढगांचा माथा मात्र ४०-५० हजार फुटांवर जातो आणि तिथे बारीक बर्फकणांचे थवे असतात. गोठलेले कण थंड पंखाला चिकटत नाहीत, टप्पा घेऊन निघून जातात. म्हणून कित्येक वर्षं त्यांना निरुपद्रवी मानलं गेलं.

इंजिनाच्या आत ते तसे राहत नाहीत. फॅनच्या मागे कॉम्प्रेसरमधली हवा शून्याच्या वर असते. कण तिथे अर्धवट वितळतात, स्थिर पात्यांवर पाण्याची पातळ साय धरतात, तिला पुढचे कण चिकटतात, आणि पातं थंड होत होत शून्याला येतं. म्हणजे बर्फ इंजिनाच्या गरम भागात जमतो, आणि तोंडाची कड कितीही तापवली तरी तिथे त्याचा उपयोग नाही. तो सुटला की इंजिन धडधडतं, जोर पडतो, मागची पाती दुखावतात.

नोव्हेंबर २०१३ मध्ये बोईंगनं जीई कंपनीच्या जीईएनएक्स इंजिनांच्या ७८७ आणि ७४७-८ विमानांना अशा वादळांपासून ५० नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे ९३ किलोमीटर, दूर राहायला सांगितलं. त्यानंतर जपान एअरलाइन्सनं टोकियो-दिल्ली मार्गावरून ७८७ काढून घेतलं होतं. पुढे इंजिनाच्या नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल झाले.

पिटो नळ्याही याला बळी पडतात. १ जून २००९ ला रिओहून पॅरिसला जाणाऱ्या एअर फ्रान्सच्या ए३३० च्या नळ्या, तापवलेल्या असूनही, बर्फकणांनी थोडा वेळ तुंबल्या. ऑटोपायलट सुटला, वैमानिकांनी नाक वर ओढलं, विमान स्टॉलमध्ये गेलं. २२८ जण गेले.

हे कण रडारवर नीट उमटत नाहीत, कारण रडारला पाण्याचे थेंब जास्त ठळक दिसतात. बाहेरची चिन्हं विचित्र असतात: उणे ४० अंशांत काचेवर पाऊस पडल्यासारखं दिसतं, तापमापक उगाच शून्यावर अडकतो. इलाज एकच, ढगाला लांबून वळसा घालणं. जून-जुलैत तुमचं विमान नकाशावर सरळ रेघ सोडून वाकडं जाताना दिसलं तर ते बहुधा यासाठी, आणि हादरे टाळण्यासाठीही.

## आणि जमिनीवर? तीस अंशांतही?

बर्फ पडणाऱ्या विमानतळांवर उड्डाणाआधी ग्लायकोल आणि पाण्याचं मिश्रण फवारतात: नारिंगी रंगाचं, गरम, आधीच बसलेला बर्फ काढायला; हिरवं दाट द्रावण नवा बसू नये म्हणून. हिरवं धावपट्टीवर वेग घेताना वाऱ्यानं आपोआप सरकून जातं. इथे त्याची गरज नाही.

इथे वेगळं घडतं. तीन-चार तास वर राहिलेल्या विमानाच्या पंखातलं इंधन उणे १५-२० पर्यंत थंड झालेलं असतं, कारण टाक्या पंखातच असतात. ते दमट हवेत उतरलं की पंखाखाली, टाकीच्या जागी, पांढरं हिंव धरतं, बाहेर तीस अंश असतानाही. पंखाखाली टाकीच्या भागात ३ मिलिमीटरपर्यंतचं हिंव चालतं. वरच्या बाजूला मात्र हात फिरवून खात्री करतात, कारण पारदर्शक थर नुसत्या डोळ्यांना चकवतो. २७ डिसेंबर १९९१ ला स्टॉकहोमहून निघालेल्या एमडी-८१ वर तसा थर राहून गेला. उडताच तो सुटून मागच्या दोन्ही इंजिनांत गेला आणि दोन्ही बंद पडली. विमान शेतात उतरवलं गेलं आणि सगळे १२९ जण वाचले.

इंधनातही थोडं पाणी असतंच. १७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून आलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या ७७७ मध्ये त्याचा बर्फ होऊन इंधन तापवणाऱ्या भागाच्या तोंडाशी अडकला. हीथ्रोच्या धावपट्टीच्या अलीकडे दोन्ही इंजिनांचा जोर गेला. कुणी दगावलं नाही. त्या भागातल्या जराशा पुढे आलेल्या नळ्या नंतर पृष्ठभागाशी सपाट करण्यात आल्या, दुरुस्ती एवढीशीच.

## यंत्रणाच बिघडली तर?

ए३२० मध्ये याचं उत्तर व्हॉल्व्हच्या रचनेतच आहे. वीज गेली तर इंजिनाचा व्हॉल्व्ह उघडतो: थोडा जोर गेला तरी चालेल, बर्फ नको. पंखाचा व्हॉल्व्ह मात्र बंद होतो. जमिनीवर वारा लागत नसताना गरम हवा चालू राहिली तर स्लॅट भाजून निघतील. म्हणूनच जमिनीवर बटण दाबलं तरी तो व्हॉल्व्ह फक्त ३० सेकंद, चाचणीपुरता उघडतो.

उड्डाणाआधीच पंखाचा व्हॉल्व्ह बिघडलेला सापडला, तर बर्फाची शक्यता नसलेल्या मार्गानंच जाता येतं. जानेवारीत इथून ते जमतं. जुलैत ते विमान बहुधा उभंच राहतं. हवेत बिघडला तर आधी उंची बदलून ढगाबाहेर पडायचं. बर्फ बसलाच असेल तर उतरताना वेग जास्त ठेवतात आणि धावपट्टी जास्त लागेल असा हिशेब करतात. नवी मुंबईची धावपट्टी ३,७०० मीटरची आहे, त्यामुळे तो हिशेब सहज बसतो. शिवाय पावसाळ्यात इथे १५ हजार फुटांच्या खाली सगळी हवा शून्याच्या वर असते, आणि धावपट्टीपर्यंत यायला त्यानंतरही दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात पंखावरचा बर्फ बहुतेक वितळून गेलेला असतो.